हस्ताच्या पंधरवड्यात चिखलदरा: जावे की थांबावे?

गणपती उठले की बुलढाणा जिल्ह्यातल्या घराघरांत चिखलदऱ्याचा विषय निघतो आणि घरात दोन पक्ष पडतात. एकाचे म्हणणे असते, आत्ता गेलो तरच धुके, धबधबे आणि गारवा मिळेल. दसऱ्यानंतर डोंगर वाळायला लागतो. दुसरा म्हणतो, पाऊस एकदा उघडू द्या. लॉजच्या खोलीत ओले कपडे वाळत घालून बसायला एवढ्या लांब कशाला जायचे? चर्चा दिवाळीपर्यंत लांबते आणि बहुधा कोणीच जात नाही.

गंमत अशी की दोघांचेही बरोबर असते. फक्त ते वेगवेगळ्या पंधरवड्यांबद्दल बोलत असतात. विदर्भातले हे एकमेव थंड हवेचे ठिकाण 15 सप्टेंबरला जसे असते तसे 15 ऑक्टोबरला राहत नाही. त्यातून निघणारा माणूस जिल्ह्याच्या कोणत्या भागातला, शेतकरी की नोकरदार, सोबत म्हातारे की लहान मुले, यावरही उत्तर बदलते. म्हणून ‘सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जावे का’ या प्रश्नाला सरसकट होकार किंवा नकार देणाऱ्याचे फारसे ऐकू नये.

सुरुवात घरापासून करावी. बुलढाणेकरांच्या बोलण्यातले ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे भेद इथे थेट कामाला येतात. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर आहे. राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूर, नांदुऱ्याकडे गेले किंवा बोथ्याचा घाट उतरून खामगाव, शेगाव गाठले की पूर्णेचे खोरे लागते आणि उंची तीनशे मीटरच्या आसपास येते. चिखलदरा सुमारे 1,118 मीटरवर आहे. हवेचे तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. हा हिशेब लावला तर शेगाव-नांदुऱ्याच्या कुटुंबाला चिखलदऱ्यात घरापेक्षा पाच-साडेपाच अंश कमी तापमान मिळते, बुलढाणा शहरातल्या कुटुंबाला मात्र जेमतेम तीन अंश. बुलढाणा मुळातच गार. सप्टेंबरातल्या पावसाळी सकाळी राजूर घाटाच्या माथ्यावर जे धुके अंगावर येते, त्याच्यासाठी इतर जिल्ह्यांतली माणसे पैसे मोजतात. तेव्हा घाटावरच्या माणसाने नुसत्या गारव्यासाठी चिखलदरा गाठण्यात फार अर्थ नाही. त्याने दऱ्या, धबधबे, मेळघाटचे जंगल यांच्यासाठी जावे. घाटाखालच्या माणसाला मात्र ऑक्टोबरचा उष्मा सुरू झाल्यावर ते पाच अंश खरोखरच जाणवतात.

आता पावसाचे. उंची सारखी म्हणून पाऊस सारखा, असे मानण्याची चूक पुष्कळजण करतात. सिंधुदुर्गातली आंबोली सुमारे 690 मीटरवर, म्हणजे जवळपास बुलढाण्याएवढ्याच उंचीवर आहे. पण अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला तिथे समोरासमोर धडकतात, म्हणून आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बुलढाणा सह्याद्रीच्या पाठीमागे, पर्जन्यछायेच्या प्रदेशापलीकडे. इथे सातशे-आठशे मिलिमीटर झाला तरी वर्ष बरे गेले म्हणायचे. चिखलदरा या दोहोंच्या मध्ये, पण बुलढाण्याच्या बाजूला झुकलेले. तिथे पाऊस आपल्यापेक्षा बराच जास्त असला तरी आंबोली-महाबळेश्वरची संततधार तिथे नसते. सप्टेंबरात बहुतेक दिवशी काही तास उघडीप मिळते, आणि महाबळेश्वरच्या पावसाळ्याच्या गोष्टी ऐकून चिखलदऱ्याला घाबरण्याचे कारण उरत नाही.

शेतकरी हे सारे हवामान नक्षत्रांनी मोजतो, आणि सहलीसाठीही तेच माप उत्तम. सूर्य पूर्वा नक्षत्रात 30 ऑगस्टच्या सुमारास जातो, उत्तरा 13 सप्टेंबरला, हस्त 27 सप्टेंबरला, चित्रा 10 ऑक्टोबरच्या आसपास आणि स्वाती 24 ऑक्टोबरला. उत्तरात ढग अजून पावसाळी असतात, झरे वाहते आणि डोंगर हिरवागार. हस्त म्हणजे गावाकडचा ‘हत्ती’. त्याचा पाऊस दिवसभर झिमझिमत नाही. सकाळी कडक ऊन, दुपारी दोननंतर पश्चिमेला काळे ढग आणि मग तास-दोन तास गडगडाटासह धिंगाणा. चित्रा लागेपर्यंत बहुतेक वर्षी पाऊस काढता पाय घेतो.

हवामान खात्याच्या तारखाही याच्याशी जुळतात. 2020 मध्ये खात्याने मोसमी पावसाच्या येण्या-जाण्याच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. वायव्य राजस्थानातून परतीची सुरुवात पूर्वी 1 सप्टेंबर धरली जाई, ती आता 17 सप्टेंबर धरतात. मुंबईची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली. देशभरातून माघार पूर्ण होण्याची तारीख 15 ऑक्टोबर आहे. म्हणजे ‘सप्टेंबर संपला, पाऊस संपला’ हा जुना ठोकताळा आता खात्याच्या कागदावरही उरलेला नाही. ऑक्टोबरचा पहिला आठवडा पावसाचाच धरून चालावे.

घराघरांत मात्र बेत ठरतात ते तिथीवर: ‘दसरा झाला की जाऊ.’ इथेच घोटाळा होतो. नक्षत्रांचा पाऊस सूर्याच्या गतीवर चालतो, म्हणून त्याच्या तारखा दरवर्षी जवळपास सारख्या असतात. सण चांद्र तिथीने येतात आणि अधिक महिना आला की पुढे सरकतात. 2025 मध्ये दसरा 2 ऑक्टोबरला होता. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने तो 20 ऑक्टोबरला येतो. पहिल्या वर्षी ‘दसऱ्यानंतर’ म्हणजे ऐन हस्तात, दुसऱ्या वर्षी ‘दसऱ्यानंतर’ म्हणजे पाऊस गेल्यावर, आटत चाललेल्या धबधब्यांसमोर. सण तोच, सहल मात्र पार वेगळी. पितृपक्षाचेही तसेच. 2025 मध्ये तो 21 सप्टेंबरला संपला, 2026 मध्ये तो 27 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर असा नेमका हस्ताच्याच पंधरवड्यात येतो. दिनदर्शिका उघडली की आधी इंग्रजी तारीख पाहावी, मग तिथी.

पंधरवडा ठरवण्याआधी घरातल्यांना एक प्रश्न विचारून घ्यावा: आपल्याला नेमके काय हवे आहे? गारवा, धबधबे आणि दरीचे दृश्य या तीन गोष्टी एकाच दिवशी भरभरून मिळत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे जोरात असतात, पण ढगच डोंगरावर उतरलेले असल्याने देवी पॉइंटवर उभे राहिले तरी समोर पांढरा पडदा. पंचबोल पॉइंटवर हाक मारून प्रतिध्वनी तेवढा ऐकायचा. सप्टेंबरच्या मध्यापासून ढग वर उचलले जातात आणि अधूनमधून दरी उघडते. ऑक्टोबरच्या मध्यावर भीमकुंडाची खोल दरी तळापर्यंत स्वच्छ दिसते, पण पाण्याची धार बारीक झालेली असते. हे ओढे डोंगराच्या माथ्यावरच उगम पावतात, त्यांचे पाणलोट क्षेत्र लहान, त्यामुळे पाऊस थांबला की आठवड्या-दोन आठवड्यांत ते ओसरायला लागतात. बारमाही नदीचा भरवसा इथे नाही.

गारव्याचीही दोन रूपे आहेत, आणि हे फारसे कोणी सांगत नाही. सप्टेंबरात आकाश ढगाळ असल्याने दिवस गार असतो. पण तेच ढग रात्री जमिनीची उष्णता अडवून धरतात, त्यामुळे रात्र दिवसापेक्षा फार थंड होत नाही. हवा दमट, चादर ओलसर, दोरीवरचा टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात उलट. आकाश निरभ्र, दुपारचे ऊन बोचरे, पण रात्री जमीन झपाट्याने निवते आणि पहाटे स्वेटर शोधावा लागतो. दिवसा फिरायचा गारवा हवा असेल तर सप्टेंबर, पहाटेची कोरडी थंडी हवी असेल तर स्वाती नक्षत्र. दमा किंवा सांधेदुखी असलेली वडीलधारी माणसे सोबत असतील तर स्वातीच बरे.

मधला ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा सगळ्यात लहरी. वारा पडलेला, जमीन ओली, सूर्य तापलेला. घाटाखाली अंगाची लाही होते. अकोल्याचे दुपारचे तापमान या महिन्यात सरासरी चौतीस अंशांच्या आसपास असते. चिखलदऱ्याला जाताना अकोला-अकोट-परतवाडा हा सगळा पट्टा याच उकाड्यातून पार करायचा असतो. लहान मुलांना घेऊन निघणाऱ्यांनी भल्या पहाटे निघून दहाच्या आत परतवाडा गाठावे. वर पोचल्यावरचा आनंद खालच्या प्रवासाने निम्मा होऊ देऊ नये.

रस्त्याचा विचार हवामानाइतकाच करायला हवा. बुलढाण्याहून खामगाव, अकोला, अकोट, परतवाडामार्गे चिखलदरा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. अकोला-अकोट मार्गावर पूर्णा नदी ओलांडावी लागते. तिथला गांधीग्रामचा ब्रिटिशकालीन पूल तडे गेल्यामुळे ऑक्टोबर 2022 मध्ये वाहतुकीस बंद करावा लागला आणि कितीतरी प्रवाशांना वळसा पडला. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी अकोटच्या एसटी आगारात किंवा ओळखीच्या माणसाला फोन करून मार्ग विचारून घ्यावा. शेगाव, संग्रामपूरकडच्या लोकांना तेल्हारामार्गे अकोट गाठता येते. मेहकर, लोणार, सिंदखेडराजाकडच्यांना समृद्धी महामार्गाने कारंजापर्यंत जाऊन अमरावती-परतवाडा असे जाणे सोयीचे. परतवाड्यानंतर वर चढायला धामणगाव गढीचा आणि घटांगचा असे दोन रस्ते आहेत. जाताना एक, येताना दुसरा धरला तर दोन्ही बाजूंचे जंगल पाहून होते. घाट मात्र दिवसाउजेडीच चढावा. धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला तर उजेड उलट डोळ्यांवरच येतो, हे नवख्या चालकाला घाटात गेल्यावर कळते.

सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांचा विश्वास धरू नये. जुलै 2023 मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत एका दिवसाच्या पावसाने गावेच्या गावे पाण्यात गेली होती. अशा नाल्यांना पाणी येते ते वर डोंगरात झालेल्या पावसाचे. खाली लख्ख ऊन असतानाही फरशी पूल बुडू शकतो. हस्ताच्या पावसात हाच धोका असतो. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. ते बहुधा काही तासांत उतरते.

दुसरा धोका विजेचा. परतीच्या पावसात विजा जास्त पडतात आणि चिखलदऱ्याचे सगळे पॉइंट उघड्या कड्यांवर आहेत. दुपारी दोनच्या आत कडे, किल्ला पाहून घ्यावेत आणि ढग दाटू लागले की पक्क्या इमारतीत यावे. झाडाखाली किंवा टपरीच्या पत्र्याखाली नव्हे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आपल्या परिसरातल्या विजेची सूचना देते. हवामान खात्याचे नागपूर केंद्र बुलढाणा आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांचे पुढच्या काही दिवसांचे इशारे देते. दोन्ही जिल्ह्यांचे पाहावेत. एकाला पिवळा इशारा आणि दुसऱ्याला नारिंगी, असे पुष्कळदा असते.

लॉजवाल्याला फोन करताना ‘पाऊस आहे का?’ असे विचारू नये. गिऱ्हाईक हवे असलेला माणूस ‘नाही हो, मस्त वातावरण आहे’ असेच सांगणार. ‘काल दुपारी देवी पॉइंटवरून दरी दिसत होती का? खोलीत गरम पाणी किती वाजेपर्यंत येते? लाइट गेली तर जनरेटर आहे का?’ असे नेमके विचारले की खरे चित्र कळते.

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे, कारण इतिहासाची आवड असलेले बरेचजण त्याच्यासाठीच येतात. 29 नोव्हेंबर 1803 रोजी तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला मराठा फौजांशी लढाई जिंकून इंग्रज सेनापती आर्थर वेल्स्ली पुढे सरकला आणि 15 डिसेंबरला गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला. डिसेंबरात हा किल्ला कोरडा असतो. सप्टेंबरात दगडांवर शेवाळ आणि वाटांवर छातीएवढे गवत असते. 2018 च्या पावसाळ्याअखेरीस विदर्भात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले होते. हा ताप गवत-झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चावण्याने पसरतो. तेव्हा गवतात बसकण मारून डबा सोडणे टाळावे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायमोजे घालावेत, खोलीवर आल्यावर कपडे बदलावेत. सहलीनंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचे आवर्जून सांगावे. किल्ला तब्येतीत पाहायचा असेल तर वेल्स्लीचाच महिना चांगला.

वाघ पाहण्याच्या आशेने निघणाऱ्यांसाठीही तारीख महत्त्वाची आहे. राज्यातल्या व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील सफारी पावसाळ्यात बंद ठेवतात आणि साधारण 1 ऑक्टोबरपासून सुरू करतात. मेळघाटातही कोणता मार्ग कधी खुला होतो ते वन विभागाकडून आधी विचारून घ्यावे. मात्र ऑक्टोबरात गवत उंच आणि पाणी जागोजाग, त्यामुळे प्राणी दिसण्याची शक्यता उन्हाळ्यापेक्षा कमीच.

आता शेतकरी कुटुंबांचे. या जिल्ह्यात सोयाबीन आणि कपाशी हेच वर्षाचे गणित. जूनच्या उत्तरार्धात पेरलेले सोयाबीन सप्टेंबरअखेरीपासून सोंगणीला येते. मजूर मिळवायचे, सुडी लावायची, ती ताडपत्रीने झाकायची, थ्रेशर मिळेपर्यंत आभाळाकडे पाहत बसायचे. त्या काळात घर सोडून डोंगरावर जाणाऱ्याचे मन काही तिथे रमत नाही, आणि हस्ताचा पाऊस सुडीवर पडला तर सहलीचा खर्च सोयाबीनमधून दुप्पट वसूल होतो. मूग-उडीद घरात आल्यानंतर आणि सोंगणीच्या आधी, म्हणजे 10 ते 24 सप्टेंबरच्या दरम्यान दोन-तीन दिवस काढता येतात. तीच उत्तरा नक्षत्राची वेळ, आणि चिखलदऱ्याचीही तीच सर्वांत देखणी. ती हुकली तर सरळ सोयाबीन विकून, सीतादही झाल्यावर, नोव्हेंबरात जावे.

नोकरदारांनी शनिवार-रविवारचा हट्ट सोडला तर निम्मी अडचण सुटते. पावसाळी शनिवार-रविवारी अमरावती, अकोला, नागपूरची गर्दी वर येते आणि घाटात गाड्यांची रांग लागते. 2026 मध्ये 2 ऑक्टोबर शुक्रवारी आहे. सलग तीन सुट्ट्या, जोडीला सफारीच्या हंगामाची सुरुवात. त्या तीन दिवसांत शांतता शोधायला कोणी जाऊ नये. उलट पितृपक्षातले सोमवार ते गुरुवार हे खोली सहज मिळण्याचे दिवस. अनेक घरांत तेव्हा सहली टाळतात, ज्यांना अडचण नाही त्यांनी तो फायदा घ्यावा.

चिखलदऱ्याऐवजी लांब जायचे असेल तर परतीच्या पावसाचे वेळापत्रक प्रत्येक ठिकाणी निराळे असते, हे ध्यानात ठेवावे. साताऱ्याजवळच्या कास पठाराचा फुलांचा हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. तिथे दसऱ्याची वाट पाहणारा बहुधा गवत पाहून येतो. मध्य प्रदेशातले पचमढी उंचीने चिखलदऱ्याच्या जवळपास. मलकापूर किंवा शेगावहून भुसावळ, इटारसी करत पिपरियाला उतरून वर जाता येते, आणि सप्टेंबरअखेर ते उत्तम. उटी, कोडाईकनाल यांचा मात्र फसवा हिशेब आहे. महाराष्ट्रात पाऊस संपतो तेव्हा तमिळनाडूत ईशान्य मोसमी पावसाची सुरुवात होते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले भर पावसाचे महिने. दिवाळीच्या सुट्टीत दक्षिणेच्या डोंगरांवर जाऊन ‘अहो, तिथे पाऊसच पाऊस’ म्हणत परतणारी कुटुंबे आपल्याकडे दरवर्षी भेटतात.

आणि घाटावरच्या ज्यांना केवळ हिरवाई, धुके आणि एखादा धबधबा पुरेसा आहे, त्यांनी सप्टेंबरातल्या एका दिवसात धाडमार्गे अजिंठा गाठावे. वाघूरच्या नालेच्या आकाराच्या दरीत लेण्यांच्या टोकाशी सप्तकुंडाचा धबधबा तेव्हा जिवंत असतो. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढे सांभाळावे. लोणारच्या विवराचा उतारही याच दिवसांत हिरवा असतो, पण पायवाट निसरडी. ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा बोथ्याचा घाट तर बुलढाण्याच्या दारातच आहे. टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत निघालेल्या ‘वॉकर’ वाघाला 2019 च्या अखेरीस मुक्कामाला हेच जंगल पसंत पडले होते.

एवढ्या सगळ्यातून निवड करायची झाली तर ती अशी. धबधबे आणि दिवसाचा गारवा हवा असेल, थोडे भिजायची तयारी असेल, तर उत्तरा नक्षत्रात, 13 ते 26 सप्टेंबरच्या दरम्यान आडवारी चिखलदऱ्याला जावे. म्हातारी माणसे, गड-किल्ले किंवा कोरडी थंडी असा बेत असेल तर 24 ऑक्टोबरनंतर. मधल्या हस्त आणि चित्राच्या चार आठवड्यांत घाटाखालच्यांनी फक्त हवामानाचा इशारा आणि पुलाची खबर पाहूनच निघावे, आणि घाटावरच्यांनी ते दिवस घरीच काढावेत. त्यांना त्या दिवसांत चिखलदऱ्यात मिळणारे तीन अंश साडेचारशे किलोमीटरच्या जाण्यायेण्याला परवडत नाहीत.